बाबांची भरमार, लायसनची प्रोसेस अन् आमच्या ग्रुपवरची चर्चा

बाबा वारले तेव्हा त्यांच्या नावावर पीक संरक्षणाची भरमार बंदूक होती, ठासणीची, आजोबांपासून चालत आलेली. लायसन माणसाच्या नावावर असते, घराच्या नाही, म्हणून तेरवी झाल्याबरोबर मी ती ठाण्यात नेऊन जमा केली अन् पावती घेतली. कोणाच्या घरी असं प्रकरण असेल तर पहिले हेच करा, कारण लायसनवाला माणूस गेल्यावर तीच बंदूक घरात ठेवणं गुन्हा होऊ शकतो आणि हे गावात कोणालाच माहीत नसते.

नंतर माझ्या नावावर लायसनसाठी ऑनलाइन अर्ज. फोटो, आधार, वारसान, बहिणींचं नाहरकत, सातबारा, डॉक्टरचं शारीरिक अन् मानसिक तब्येतीचं सर्टिफिकेट, शस्त्र हाताळायच्या ट्रेनिंगचा दाखला, हे सगळं लागते. आमच्याकडे दुपारी लाइन जाते अन् नेट त्याच्यासोबतच जाते, म्हणून मी पहाटे उठून अपलोड करायचो. त्याची प्रिंट काढून जिल्ह्याच्या ऑफिसात द्यायची, मग पोलीस चौकशी. चौकशीला आलेल्या भाऊंनी शेजाऱ्यांना विचारलं, धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद कोणाशी आहे का, दारू घेतो का, अन् मग मला म्हणाले, "फेसबुकवर बंदुकीसोबत फोटो तर नाही टाकला ना तुम्ही?" नव्हता टाकला. हा प्रश्न मला लई बरोबर वाटला.

कारण त्याच आठवड्यात गावातला एक पोरगा येऊन म्हणे, "दादा, बंदूक सुटली का ठाण्यातून? मले एक रील काढू द्या ना, पाच मिनिटाचं काम आहे." मी सरळ नाही म्हटलं अन् त्याला बसवून समजावलं की कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल घेऊन, तलवारीनं केक कापून रील टाकणाऱ्या पोरांवर आर्म्स अ‍ॅक्टचे गुन्हे दाखल होतात, अन् ज्याचं लायसन आहे त्यानं दुसऱ्याच्या हातात बंदूक दिली तर त्याचंही लायसन जाऊ शकते. तो ऐकून गेला, पण आमच्या गावच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवर विषय पेटला. अर्धे म्हणे प्रत्येक शेतकऱ्याला बंदूक द्या, डुकरं अन् रोही (नीलगाय) पऱ्हाटी म्हणजे कापूस ठेवत नाही, रात्रीची जागल करून माणूस मरून राहिला. बाकीचे म्हणे नको रे बाप्पा, भांडणं काय कमी आहेत का. अन् मध्येच कोणीतरी अमेरिकेतल्या शाळेतल्या गोळीबाराचा व्हिडिओ फॉरवर्ड करून दिला, तारीख नाही, जागा नाही, काही नाही. मी तिथं लिहिलं की कुठला अन् कधीचा हे सांगता येत नसेल तर डिलीट करा, मेलेल्या लेकरांचे व्हिडिओ असे फिरवू नका. केला त्यानं.

पण मग एकानं विचारलं की ऑनलाइन बोंबलून कुठं कायदा बदलते का? मी यावर बरंच वाचलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बदलते, पण पोस्टनं एकट्यानं नाही. फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ ला १७ जण मारले गेले, वाचलेली पोरं ट्विटरवर बोलायला लागली, पण ती तिथंच थांबली नाहीत, बसमध्ये बसून राज्याच्या राजधानीत आमदारांना भेटायला गेली, अन् ९ मार्चला राज्यपालानं कायद्यावर सही केली, बंदूक विकत घ्यायचं वय १८ चं २१ झालं. ज्या राज्यात बंदूकवाल्यांची लॉबी एवढी मजबूत तिथं हे झालं. शॅनन वॉट्स नावाच्या आईनं २०१२ मध्ये सँडी हुक शाळेतल्या गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी एक फेसबुक ग्रुप काढला, त्यातून मॉम्स डिमांड अ‍ॅक्शन ही देशभरची संघटना उभी झाली. तरी त्यांच्या संसदेत बंदुकीवर मोठा कायदा व्हायला २०२२ उजाडलं, तेही टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ लेकरं अन् २ शिक्षिका गेल्यावर. म्हणजे दहा वर्षं. त्यांच्याकडे बंदूक बाळगणं घटनेतला हक्क आहे, आपल्याकडे तो नाही, आपल्याकडे परवाना आहे, हा फरक ग्रुपवर बऱ्याच जणांना पहिल्यांदा समजला.

आपल्याकडचंही आहे. आर्म्स अ‍ॅक्टच्या २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात एका माणसाला तीनऐवजी एकच बंदूक असं लिहिलेलं होतं, त्याला विरोध झाला, खासदार बोलले, अन् पास होताना ती दोन झाली. लायसनची मुदत ३ वर्षांची ५ झाली, अन् वरातीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

अन् आमच्याच राळेगाव-पांढरकवड्याचं सांगतो. अवनी वाघिणीला मारायचा आदेश निघाला त्या वेळी, २०१८ मध्ये, तिला वाचवायला शहरातल्या लोकांनी लेट अवनी लिव्ह हॅशटॅग चालवला, कोर्टात गेले. त्यांची तळमळ खोटी नव्हती. पण ज्या गावांत तिच्यामुळे १३ माणसं गेली असं सांगत होते, तिथल्या बाया सरपणाला जायला भीत होत्या, त्यांच्या हातात तेव्हा कुठला स्मार्टफोन, कुठलं ट्विटर. सुप्रीम कोर्टानं त्या आदेशात हात घातला नाही, २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी लागली. तेव्हापासून माझ्या मनात बसलं की आपली बाजू आपणच लिहिली नाही तर दुसरे लिहितील, अन् त्यात आपण नसणार.

म्हणून ग्रुपवरच्या भांडणातून आमच्या मागण्यांचं एक पान तयार केलं. ज्याचं जे म्हणणं ते त्याच्या तोंडून घेतलं, बायांच्या घरी जाऊन विचारलं, कारण ग्रुपमध्ये त्या नव्हत्याच. एका काकूनं जे सांगितलं ते मी तसंच लिहिलं, "ज्या घरात माणूस कर्जानं झोपत नाही त्या घरात बंदूक नका देऊ." शेतकरी आत्महत्यांच्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मी स्वतः लायसन मागत होतो तरी माझं मत आहे की लायसन कडकच पाहिजे, डॉक्टरचा कागद खराखुरा तपासूनच मिळावा. आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, पण ती हातात आली म्हणजे डुक्कर मारता येते असं नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. आम्ही तर बार काढून कळप हाकलतो, तेवढंच. म्हणून पानात पहिली मागणी झटका मशीनची (कुंपणाला हलका करंट देऊन जनावर हाकलणारी) अन् नुकसानभरपाई वेळेवर द्यायची, दुसरी वारसाचे अर्ज तालुक्याला शिबिर लावून घ्यायची, तिसरी निवडणुकीच्या काळात लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेताना पीक संरक्षणवाल्यांचं प्रत्येकाचं प्रकरण वेगळं पाहून निर्णय घ्यायची अन् निकाल लागल्यावर लवकर परत द्यायची.

ग्रामसभेत हे वाचलं, चर्चा झाली, निवडणुकीच्या मुद्द्यावर दोघं विरोधात बोलले, त्यांचं म्हणणंही ठरावात घ्यायला लावलं. ठरावाची नक्कल आमदार, खासदार, कलेक्टर साहेबांना दिली अन् सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाकली. तिथून नंबर आला, मग मेसेज आला की वनखात्याचा भाग वनखात्याकडे अन् बाकीचा गृह विभागाकडे पाठवला.

माझं लायसन मिळालं, बंदूक ठाण्यातून आणली, पेटीत कुलपात असते, बारूद वेगळ्या खोलीत. गृह विभागाचं उत्तर अजून यायचं आहे. तोवर शेजारच्या गावांतले सरपंच आपापल्या ग्रामसभेत हाच ठराव घ्यायला तयार झालेत, मसुदा मी पाठवतो, फक्त काकूचं वाक्य काढू नका एवढी विनंती करून. बायांचा ग्रुपही वेगळा सुरू झाला आहे, ज्यांना टाइप नाही करता येत त्या बोलून रेकॉर्डिंग टाकतात, अन् मी ते ऐकून लिहून घेतो.