दोनशे गोण्या, आठ माणसं

मे २०२० मध्ये आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला सुट्टी होती आणि तरी वर्ग भरलेले होते. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या गावांत जवळजवळ प्रत्येक भावकीतलं कुणी ना कुणी मुंबईला असतं, त्यात माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार पुष्कळ. टाळेबंदीत हाताचं काम गेलं. वाशीच्या बाजार समितीत करोनाचे रुग्ण वाढले म्हणून मेमध्ये बाजारही आठवडाभर बंद ठेवला. मग पास काढून, टेम्पो ठरवून बायकापोरांसह माणसं गावाकडं निघाली. पण गावात आलं तरी घर लगेच नाही. आधी चौदा दिवस शाळेत विलगीकरण. आशाताई, दक्षता समितीची माणसं आणि आम्ही शिक्षक आळीपाळीनं तिथं ड्यूटीला असायचो. माझ्याकडं रजिस्टर होतं. कुणाला ताप आहे का, खोकला आहे का, जेवणाचा डबा आला का, हे रोज लिहायचं.

तिसरीच्या वर्गात एक कुटुंब होतं. नवरा दाणा बंदरात (वाशीच्या धान्य बाजारात) हमाल, बायको, आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. मुलगी मुंबईत महापालिकेच्या शाळेत तिसरीला होती. दुपारी ऊन रणरणत होतं, पत्रा तापलेला. मी व्हरांड्यात नोंदी करत बसले होते, तेवढ्यात आतून आवाज चढला. "आठ सक्कं? सांग, आठ सक्कं किती?" पाठोपाठ चापट बसल्याचा आवाज. आई खिडकीशी आली. "बाई, ह्यांला सांगा की जरा. सकाळधरनं पाढे चाललेत. येत न्हाय म्हणलं की मारत्यात."

मी उठून खिडकीपासून अंतर ठेवून उभी राहिले. तो माणूस मला बघून वरमला, पण गप्प बसला नाही. "दुसरं काय करू, बाई? शाळा बुडाली हिची. तिथल्या शाळेचे मेसेज येत होते, तर आता मोबाईलला रिचार्ज न्हाय. हिनंबी आमच्यासारखी पाठीवर गोण्याच व्हायच्या का?"

त्याच्या बोलण्यात राग कमी आणि भीती जास्त होती. खोलीचं भाडं थकलं होतं. मुकादमाचा फोन येत नव्हता. गावात "मुंबईकरांनी रोग आणला" असं लोक बोलायचे, ते मुलांच्याही कानावर पडत होतं. चार माणसं एका खोलीत दिवसभर कोंडलेली, आणि त्या सगळ्या तणावाला बाहेर पडायला एकच वाट सापडली होती, ती म्हणजे पोरीचे पाढे. त्या महिन्यांत मी हे अनेक घरांत पाहिलं. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" या उपक्रमातून रोज अभ्यास यायचा आणि तो देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण आईबाप धास्तावलेले असले, की तोच अभ्यास मुलाच्या अंगावर येतो. घर थोडं सैल झाल्याशिवाय पाढा डोक्यात शिरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी म्हटलं, "दादा, पाढे राहू द्या. एका गाडीत गोण्या किती असतात?"

"दहा टनाची असली तर दोनशे. पन्नास किलोची गोणी."

"आणि टोळीत माणसं किती?"

"आमच्या टोळीत आठ."

खडूची पेटी मी उंबऱ्यावर ठेवली आणि मागं सरकले. मुलीला म्हटलं, "बाबांच्या टोळीला दोनशे गोण्या वाटून दे बरं."

तिनं फरशीवर आठ चौकोन काढले. प्रत्येकात "बाबा", "मामा", "पाटीलकाका" अशी नावं लिहिली; टोळीतली माणसं तिला माहीत होती. आधी प्रत्येकाला दहा-दहा दिल्या. बोटं मोजून म्हणाली, "ऐंशी झाल्या." परत दहा-दहा. "एकशे साठ." इथं थांबली. वडील बोलायला गेले, मी हातानंच थांबवलं. बराच वेळ ती नुसतीच खडू तळहातावर घासत राहिली. मग "चाळीस उरल्या" म्हणत पाच-पाच वाटून मोकळी झाली. "पंचवीस! एकेकाला पंचवीस." आठ पंचे चाळीस तिनं आपण होऊन वापरलं होतं. मी त्याला काही नाव दिलं नाही.

पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही, तिनंच काढला. पंचवीस गोण्यांचं वजन किती? पन्नास पन्नास मिळवत गेली. दोनशेला एक रेघ, परत दोनशे, परत रेघ. शेवटी साडेबाराशे आलं. तिनं बापाकडं पाहिलं. "बाबा, एवढं तुम्ही एकटे उचलता?"

"दिसाला अशा दोन-तीन गाड्या होत्यात," तो म्हणाला. मग सावकाश सांगायला लागला. त्याच्या बापाच्या वेळी गोणी क्विंटलची असायची. पाठीवर गोणी घेताना पाय कसा टेकवायचा, मिरचीच्या गोणीनं डोळे कसे चुरचुरतात, पावसात धान्य कसं झाकतात. मुलगी प्रश्न विचारत होती. धाकटा फरशीवर गाड्या काढत होता. आई तिथंच भिंतीला टेकून बसली. त्या माणसानं पोरीशी इतकं बोलणं गावी आल्यापासून पहिल्यांदाच केलं, असं ती नंतर म्हणाली.

संध्याकाळी त्यांची आजी डबा घेऊन फाटकापर्यंत यायची. कागद हातात द्यायची परवानगी नव्हती, म्हणून मी मुलीला सांगितलं, उद्या काय काय लागेल ते लिहून काढ आणि आजीला खिडकीतून मोठ्यानं वाचून दाखव. "काढेपेटी, लींबू, साबन, भावाची चड्डी." वेलांट्या, अक्षरं चुकलेली होती. आजीनं मात्र एकेक जिन्नस परत म्हणून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सगळा आणला. मुलीनं लिहिलेल्या शब्दावर घरात वस्तू आली, हे तिला फार लागू पडलं. यादी पुढं रोज लिहिली गेली, आणि ती लांबत गेली. एकदा तर तिनं आजीकडं गावातल्या विहिरींची नावंही मागितली.

आईकडंही बघायला हवं होतं. तिला झोप येत नव्हती, दिवसभर डोकं धरून बसायची. आशाताईंनी तिचा रक्तदाब तपासून घेतला. दुपारचा एक तास नवऱ्यानं मुलांना घेऊन व्हरांड्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात बसायचं आणि तिनं खोलीत एकटीनं पडायचं, असं मी त्याला सुचवलं. समितीच्या एकदोघांनी नाकं मुरडली, पण अंतर पाळलं जात होतं, म्हणून चालवून घेतलं.

चौदा दिवस सरल्यावर ते घरी गेले. पहिली ते आठवीच्या मुलांना त्या वर्षी परीक्षेविना पुढं पाठवलं होतं, तेव्हा मुलगी चौथीत गेली. २० जुलैला सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" ही शाळकरी मुलांसाठीची मालिका सुरू झाली. ती शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघायची, आणि घरातल्या नि शेतातल्या वस्तूंवरून शिकवायची त्या मालिकेची रीत तिला नवी वाटली नाही. वडील काम सुरू झाल्यावर वाशीला परतले, बायकोपोरं गावातच राहिली.

राहता राहिला दाखला. मुंबईच्या शाळेचा दाखला हातात नाही म्हणून आई तिला आमच्याकडं घालायला बिचकत होती. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तिला हे ठाऊक नव्हतं आणि मुंबईहून आलेल्या बाकीच्या घरांनाही नव्हतं. मुलीचं नाव त्याच दिवशी पटावर घातलं. मग तोंडाला मास्क बांधून वस्तीवर निघाले आणि मुंबईकरांच्या प्रत्येक दारात उभं राहून आधी हेच सांगितलं.