मुंग्या येतात? आधी डब्यांवरची बारीक अक्षरं वाचा

हातापायाला मुंग्या आल्या की सोलापुरात माणूस थेट मेडिकलमध्ये येतो आणि बी-१२च्या गोळ्या मागतो. नवी पेठेतल्या माझ्या काउंटरवर हे रोजचंच. हल्ली मी गोळ्या देण्याआधी विचारते, घरात आणखी काय काय चालू आहे?

एका काकूंनी पिशवीच ओतली. केसांसाठीची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, मुलानं ऑनलाइन मागवलेली, सेलेनियम या खनिजाच्या २०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांची बाटली, शिवाय रोज चार ब्राझील नट. त्या एका बीमध्येच ७० ते ९० मायक्रोग्रॅम सेलेनियम असतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ५५. अमेरिकेत वरची मर्यादा ४०० धरतात, युरोपनं २०२३मध्ये ती २५५वर आणली. काकूंची बेरीज केव्हाच पुढे गेली होती. नखांवर पांढरे पट्टे, केस गळतायत, आणि गळतायत म्हणून केसांची गोळी वाढवलेली! मी त्यांना तशीच पिशवी घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. मुंग्या रक्तातली साखर वाढल्यामुळेही येत असू शकतात, तेही तपासायला हवंच.

सेलेनियम शरीराला लागतं, पण थोडंसंच. जास्त झालं की श्वासाला लसणासारखा वास येतो, नखं ठिसूळ होतात, चिडचिड आणि थकवा येतो, बोटांच्या टोकांची संवेदना जाते. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६०च्या दशकात सेलेनियमयुक्त दगडी कोळशामुळे ते मातीत आणि मातीतून पिकांत उतरलं. तिथं आधी हातपाय बधिर झाले, दुखू लागले; पुढे काहींना झटके आणि लकवाही आला. २००८मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक औषधात लेबलवर लिहिल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडलं आणि २०१ जण आजारी पडले. कित्येकांचा थकवा तीन महिन्यांनंतरही गेला नव्हता.

आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागल्यावर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, तेव्हा सेलेनियमचं नाव घरोघरी पोचलं. तरी बाटलीतलं सेलेनियम लोकांना अजून ‘ताकदीचं’ वाटतं, याची मला खरोखर काळजी वाटते.

यावर उतारा म्हणून द्यायला माझ्या कपाटात काहीच नाही. येणारं सेलेनियम थांबवायचं, एवढाच उपाय. म्हणून गोळ्या मागायला याल तेव्हा घरातले सगळे डबे सोबत आणा. बेरीज मी करून देईन.