मड लॉगिंग: विहीर झाली, लॉग मात्र ऑफिसात अडकला

विहीर खोदताना आत फिरवलेल्या चिखलाबरोबर वर येणारे खडकाचे तुकडे (कटिंग्ज) आणि गॅस तपासून खोलीनुसार नोंदवणं म्हणजे मड लॉगिंग. त्याचा अंतिम तक्ता, म्हणजे मास्टरलॉग, परत आला. सोबत एका ओळीचा शेरा: ‘खोली वायरलाइनशी जुळत नाही, दुरुस्त करून पाठवा.’ वायरलाइन म्हणजे केबलवरून विहिरीत उपकरण सोडून घेतलेली मोजणी. आज लिहितानाही डोकं तापतं, कारण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

रिगवरचं काम व्यवस्थित झालं होतं. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात बारा तासांची शिफ्ट. शेल शेकरवरून, म्हणजे चिखल गाळणाऱ्या हलत्या चाळणीवरून, दर पाच मीटरला कटिंग्ज उचलायच्या, धुवायच्या, चाळायच्या, मायक्रोस्कोपखाली बघायच्या. चुनखडकाच्या कपचीवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब पडला की लगेच फसफसतं. डोलोमाइट असेल तर बुडबुडे सावकाश सुटतात. ते बघायला मला अजूनही आवडतं.

अडलं ते आमच्याच कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात. विहिरीची खोली दोघं जण मोजतात. ड्रिलर मोजतो पाइपांवरून. प्रत्येक पाइप डेकवर टेपने मोजून टॅलीत, म्हणजे पाइपांच्या लांबीच्या यादीत, लिहिलेला असतो. पण खाली सोडलेले पाइप स्वतःच्या वजनाने ताणतात, उष्णतेने लांबतात, आणि ही वाढ टॅलीत सहसा धरत नाहीत. वायरलाइनवाले केबलवरून मोजतात आणि केबलच्या ताणाचा हिशेब करतात. त्यामुळे दोन्हींत थोडा फरक पडतोच. आमच्या विहिरीत शेल (चिकणमातीचा खडक) संपून चुनखडक लागतो ती जागा वायरलाइनच्या गॅमा रे लॉगवर, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक किरणांच्या आलेखावर, जरा खाली दिसत होती, एवढंच.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “मग सगळा लॉग तेवढा खाली सरकवा की! काय बिघडतं?”

बिघडतं ना! गॅस, ड्रिलिंगचा वेग, कटिंग्ज, सगळं ड्रिलरच्या खोलीवर नोंदलेलं असतं. ते सरकवलं की मूळ नोंदच पुसली जाते. शिवाय फरक वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. ‘सागर सम्राट’ या रिगने 1974 मध्ये मुंबई हायला तेल शोधलं, त्या भागात नवी विहीर घेताना आजही शेजारच्या जुन्या विहिरींचे लॉग काढून बघतात. उद्या कुणीतरी माझाही बघणार. मी सरकवला नाही. मेल जात राहिले, उत्तर येईना, पुढची ड्यूटी जवळ येत चालली.

शेवटी टॅलीची प्रत जोडली, दोन्ही लॉगवरचे ठळक थर शेजारी मांडून फरकाचा वेगळा रकाना दिला आणि स्वतः जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं. कार्बाइड टेस्टची नोंदही जोडली. कॅल्शियम कार्बाइड पाइपातून सोडलं की ॲसिटिलीन तयार होतो आणि गॅस डिटेक्टरवर उमटतो. त्यावरून चिखल तळातून वर यायला लागणारा वेळ, म्हणजे लॅग, पडताळता येतो. नमुन्याची खोली चुकीच्या लॅगमुळे हलली नव्हती, हे त्यावरून कळलं. साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. मूळ आकडा जसाच्या तसा राहिला, याचा मला फार आनंद आहे.

टॅलीची प्रत रिग सोडण्याआधीच घ्या, नंतर मागत फिरावं लागतं. खोली ‘केली बुशिंग’पासून (रिगच्या डेकवरचा मोजणीचा बिंदू) मोजली की समुद्रसपाटीपासून, हे पहिल्याच पानावर लिहा. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली कपची चमकली म्हणून लगेच तेल लिहू नका, कॅल्साइटही चमकतो. तेल विरघळवणारा सॉल्व्हंट टाकून बघा. आणि कटिंग्ज हलक्या हाताने धुवा, मऊ चिकणमाती पाण्याबरोबर वाहून जाते.