पीसीटी तयारी, अपडेट ७: स्पाइक फिरला
मंडळी, पीसीटीच्या (पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, अमेरिकेतली मेक्सिको ते कॅनडा सीमेपर्यंतची पायवाट) तयारीबद्दल मागच्या वेळी मोठ्या रुबाबात "पायांचा विषय मिटला" असं लिहून बसलो होतो. शब्द मागे घेतो.

शनिवारी कॅलिफोर्नियातल्या कार्सन पासला (खिंडीत) सरावाला गेलो. सकाळचा टणक बर्फ, उतार डावीकडे, आडवं चालतोय. दीड तासात डाव्या पायाचा मायक्रोस्पाइक (बुटावर चढवायचं रबरी कडं, खाली साखळी आणि दात) फिरून अंगठ्याच्या बाजूला आला. तळव्याखाली नुसती साखळी, दात बाहेर हवेत. पाच-सहा फूट घसरलो, आइस अ‍ॅक्स रोवून थांबलो. खाली सपाटी होती म्हणून हसलो. पीसीटीवरच्या फॉरेस्टर पासच्या (४००९ मीटर) माथ्याखालच्या घळीत हसू येणार नाही.

दोष बुटाचाच. माझे अल्ट्रा कंपनीचे लोन पीक बूट पंजात रुंद, वर मऊ जाळी, आणि मुद्दाम एक साइज मोठे, कारण सिएरा नेवाडा पर्वत सुरू होतो त्या केनेडी मेडोजपर्यंतच्या ११३० किलोमीटरमध्ये पाय सुजणारच. मीडियम स्पाइकचं रबर पुढून असं आवळतं की तासाभरात करंगळी बधिर. लार्ज घेतला तर हा तमाशा. दुकानाच्या साइज चार्टवर माझा आता काडीचा विश्वास नाही. वापरलेला माल परत घेत नाहीत, ते वेगळंच.

"चामड्याचे बूट घे" म्हणणाऱ्यांनो, पावसाळ्यात वॉटरप्रूफ बूट घालून ओढा ओलांडलाय ना कधी? बादली होते. सिएरात जूनमध्ये बर्फ वितळत असताना रोज तेच. जाळीचा बूट निदान चालता चालता निथळतो. (कातळावर आपल्या अ‍ॅक्शनच्या ट्रेकिंग बुटासारखी पकड अजून कुठल्याही महागड्या बुटात मिळालेली नाही, पण तो वाद पुन्हा कधीतरी.)

रविवारी जुगाड. वेल्क्रोचा पट्टा बर्फ भरल्यावर दहा मिनिटांत सुटला. मग जुन्या कॅमेरा बॅगचा बकलवाला पट्टा घोट्यावरून तळव्याखाली आठच्या आकड्यासारखा ओवला. त्याच उतारावर चाळीस मिनिटं लार्ज स्पाइक जागचा हलला नाही! लगेच उत्साहात मीडियमही पुन्हा चढवला, पण श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाचा तुकडा कापून पंजावर, रबराखाली सरकवून. दाब पसरला, करंगळी शाबूत. झाकणाला सुरी लावल्याबद्दल घरी बोलणी खाल्ली.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: आइस अ‍ॅक्स आणि बेअर कॅन (अस्वलाला न उघडणारा खाण्याचा डबा) केनेडी मेडोजला पार्सलने जाणारच आहेत, तर त्याच खोक्यात पट्ट्यांचे दहा दाती क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब दातांचे धातूचे सांगाडे) का नकोत? लवचिक पट्टीवाले माझ्यासारख्या मऊ ट्रेल रनर बुटांवरही बसतात. वजन थोडं वाढेल, आणि अ‍ॅल्युमिनियमचे घेतले तर उघड्या खडकावर दात बोथट होतील. पण फॉरेस्टरला पहाटेच चढायचं आहे, तेव्हा बर्फ काचेसारखा असणार. दुपारी मांडीपर्यंत रुतायला लागलं की दोन्ही सारखेच निरुपयोगी.

म्हणून स्पाइकची ऑर्डर थांबवली. येत्या शनिवारी पुन्हा तोच उतार. बे एरियात कुणाकडे दहा दाती असतील तर दोन दिवस उसने द्या, येऊन घेऊन जातो. बदल्यात श्रीखंड आणतो. झाकण मात्र मला परत हवं.