आमच्या वाचनालयात संगणक आले, त्याची हकिकत

नागपुरात महालातल्या एका जुन्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. शासनाच्या प्रतवारीत ‘ब’ वर्ग, पुस्तकं चौदा हजारांच्या घरात. शासनाचं अनुदान दोन हप्त्यांत येतं, त्यातला निम्मा वाटा पगाराला जातो. उरलेल्यात पुस्तकं, मासिकं, वीजबिल. संगणकासाठी हाती काहीच राहत नाही.

त्यात एकदा हात पोळले होते. एका विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतलं होतं. दरवर्षीचे देखभालीचे पैसे भरणं जमेना, तेव्हा ते उघडणंच बंद झालं. साडेचार हजार पुस्तकांच्या नोंदी आत अडकल्या. महत्प्रयासाने बाहेर काढल्या, तर मराठी सगळं जुन्या फॉन्टमधलं. लेखकाच्या नावाच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरं. दोन उन्हाळे बसून आम्ही ते टाइप केलं होतं. मला अक्षरशः रडू आलं.

म्हणून या वेळी कोहा हे ग्रंथालयाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी १९९९मध्ये ते तयार करायला घेतलं आणि २०००च्या जानेवारीत वापरात आलं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. परवान्याचे पैसे नाहीत, मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशी राहते आणि नोंदी हव्या तेव्हा बाहेर काढता येतात. मला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. सभासदांपैकी एकीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने दोन रविवारी येऊन उबुंटूवर (विंडोजसारखी, पण मोफत प्रणाली) ते बसवून दिलं.

सीताबर्डीत जुने संगणक बघायला गेले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, नवीन कायले घेता? यात एसएसडी टाकून देतो, रॅम वाढवून देतो, आरामात चालते.” खरंच चालतो. सगळ्या नोंदी ठेवणारा सर्व्हर म्हणून एकच संगणक पुरतो, बाकीच्यांवर ब्राउझर असला की झालं.

तेवढ्यासाठीही पैसे लागतातच. आधी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडे प्रस्ताव करायचं ठरलं. हे कोलकात्याचं, १९७२ पासूनचं, केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाखालचं. पुस्तकांशिवाय संगणकासारख्या साहित्यालाही तिथून मदत मिळते. आमचा पहिला प्रस्ताव परत आला, कारण कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत जोडली नव्हती आणि एका वर्षाच्या लेखापरीक्षण अहवालावर शिक्काच नव्हता. चूक आमचीच. तेव्हापासून ठराव, तीन वर्षांचे अहवाल, नोंदणी प्रमाणपत्र आणि कोटेशनं एकाच फाइलीत ठेवते.

तो प्रस्ताव पुन्हा पाठवून वाट बघत असताना नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कंपनीकडे सामाजिक कामांचा निधी मागायला गेले. तिथले अधिकारी म्हणाले, “शाळा, आरोग्य यांना देतो, वाचनालय कसं बसवायचं?” मी कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाची प्रत घेऊनच गेले होते. त्यात सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) कामांमध्ये सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं स्पष्ट लिहिलेलं आहे. ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली होती. त्यांनी दोनदा वाचली आणि पुढचा प्रश्न विचारला, “सीएसआर-१ भरलाय का?” १ एप्रिल २०२१ पासून हा निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची ती नोंदणी लागतेच, आणि त्याआधी आयकर खात्याकडच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या. आमच्याकडे ८०जी नव्हतं. सीएंनी फी न घेता अर्ज भरून दिला, पण त्यात काही महिने गेले. जे कुणी या वाटेला जाणार असतील त्यांनी कंपनीचं दार ठोठावण्याआधी हे करून ठेवा.

कंपनीने दिलेल्या पैशातून तीन संगणक, बारकोड स्कॅनर आणि यूपीएस आला. उन्हाळ्यात इथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे यूपीएसमध्ये काटकसर केली नाही.

खरा घाम नोंदींनी काढला. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक नाही, नेटवरून तयार नोंद उचलावी तर सापडत नाही. दाखल नोंदवही उघडायची, पुस्तक कपाटातून काढायचं, मुखपृष्ठाऐवजी आतलं शीर्षकपान बघायचं, मग टाइप करायचं. दोघी मिळून दिवसाला साठ-सत्तर होतात. कादंबऱ्यांची म्हणजे ड्युई वर्गीकरणातल्या ८९१.४६३ या क्रमांकाची कपाटं संपली, आता कविता चालू आहे. बांधीव दिवाळी अंकांचे गठ्ठे अजून खाली जमिनीवरच आहेत. प्रत्येक अंकाची वेगळी नोंद करायची की वर्षाची एकच, यावर येत्या शनिवारी कार्यकारिणीत बोलणार आहोत.