तुम्ही विचारलंत म्हणून: सही करू का?

मागच्या फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. आवाज दबका, मागे नळाचं पाणी वाहतंय. "मावशी, आम्ही त्या हॉलिडे मेंबरशिपवाल्यांकडे बसलोय. बाथरूमला जातो सांगून बाहेर आलोय. तुमच्याकडे आहे ना ती? सही करू का?"

हा प्रश्न मला बँकेत, सोसायटीच्या जिन्यात आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढली जात असताना विचारला गेलाय. आमच्याकडे 2013 पासून अशी मेंबरशिप, म्हणजे टाइमशेअर, आहे आणि मी एका सहकारी बँकेत कर्जविभागात काम करते, त्यामुळे माझ्याकडे हो किंवा नाही असं एका शब्दाचं उत्तर तयार असेल असं लोकांना वाटतं.

आधी वस्तू काय आहे ते सांगते, कारण निम्म्या लोकांना वाटतं आपण रिसॉर्टमध्ये खोली विकत घेतली. खोली कोणाचीच होत नाही. आमच्या करारात 25 वर्षं, दरवर्षी 7 रात्री, कंपनीच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क आहे आणि त्याचे पैसे आपण आगाऊ भरलेत. शिवाय देखभालीची वार्षिक वर्गणी, तुम्ही जा किंवा घरी बसा.

आम्ही कसे अडकलो? मॉलमध्ये कूपन भरलं, चार दिवसांनी अभिनंदनाचा फोन आला. नवराबायको दोघांनी यायचंच, ही अट. हॉटेलचा हॉल, गोल टेबलं, फुकटचं सँडविच, आणि दर दहा मिनिटांनी कुठल्यातरी टेबलावर सही झाली की टाळ्या. आमच्यासमोर बसलेला मुलगा मला अजून आठवतो. तो कागदावर आकडे उलटे लिहायचा, म्हणजे त्याच्या बाजूने उलटे आणि आम्हाला सुलटे दिसतील असे. इतका सराव! "वर्षाला फिरण्यावर किती जातात? चाळीस हजार धरू?" मग त्याने त्यावर दरवर्षी 10 टक्के महागाई चढवली, 25 वर्षांची बेरीज केली आणि 39 लाखांच्या पुढचा आकडा लिहून त्याभोवती गोल काढला. खाली आमची किंमत: 3 लाख 10 हजार. ही सवलत फक्त आजच्या दिवस.

तो कागद मी जपून ठेवलाय. गणितात चूक नाही, मी तपासलंय. लबाडी आहे ती दुसरीकडे. हॉटेलचं भाडं त्याने 25 वर्षं वाढवत नेलं, वर्गणी मात्र पहिल्या वर्षीची 12,000 होती ती तिथेच बसवून ठेवली. ती कुठली बसून राहतेय? बाराव्या वर्षी आम्ही 22,800 भरले. करही वाढला: तेव्हा सेवा कर 12.36 टक्के होता, 2017 पासून जीएसटी 18 टक्के. आणि वर्षाला चाळीस हजार आम्ही फिरण्यावर कधी घालवतच नव्हतो. नवऱ्याने हॉटेलचा आकडा उगाच फुगवून सांगितला होता, समोरच्यापुढे आपण कंजूष दिसू नये म्हणून.

आता माझा हिशेब. 12 वर्षांत वर्गणीचे 2 लाख 2 हजार गेले. मूळ किमतीतला 12 वर्षांचा वाटा 1 लाख 48 हजार 800. एकूण साडेतीन लाखांच्या थोडं वर. आमच्या वाट्याच्या रात्री 84, प्रत्यक्ष राहिलो 53. म्हणजे एका रात्रीला 6,600 पडले. सगळ्या 84 राहिलो असतो तर 4,200 पडले असते. 3 लाख 10 हजार एफडीत ठेवले असते तर आलेलं व्याज यात धरलेलंच नाही. बँकेतली बाई असून ते धरायचं मी मुद्दाम टाळते.

उरलेल्या 31 रात्री कुठे गेल्या? काही वर्षं मार्च एण्डमुळे माझी रजा अडकली, मुलीची दहावी, मग बारावी, मग कोविड. दिवस पुढच्या वर्षी ढकलता येतात, पण ठरावीक मुदतीपर्यंतच, त्यानंतर बुडतात. आणि खरी गोम हंगामात आहे. दिवाळी आणि मे महिना हे आपल्या सुट्ट्यांचे दिवस, आणि सगळ्या सदस्यांच्या घरी मुलं शाळेतच जातात. मे महिन्यात मनाली पाहिजे तर कित्येक महिने आधी, बुकिंग उघडेल त्या सकाळी, लग्नाच्या मुहूर्तासारखं घड्याळ लावून बसावं लागतं. जुलैत गोवा? कधीही या.

आम्ही जुलैत गोव्याला गेलोय. किनाऱ्यावरच्या शॅक काढून ठेवलेल्या, समुद्रात उतरायला लाल झेंडा, आणि 31 जुलैपर्यंत ट्रॉलरला बंदी, त्यामुळे ताज्या मासळीची बोंब. एका खानावळीत सुक्या सुंगटांचं किसमूर आणि सोलकढी मिळाली ती इतकी झकास होती की तक्रार करवेना. पण त्या आठवड्यात शेजारचं तसंच हॉटेल 3,500 ला खोली देत होतं. तेच मे महिन्यात 6,600 ला कोणी दिली नसती. म्हणजे गर्दीच्या हंगामात खोली मिळाली तर तुम्ही जिंकलात, आणि ती मिळेल की नाही हे तुमच्या नव्हे, कॅलेंडरच्या हातात.

एवढं ऐकलं की लोक म्हणतात, म्हणजे घेऊ नको ना? थांबा.

आमचे हे भक्तनिवासवाले. गणपतीपुळ्याला शंभर रुपये वाचले तर आठवडाभर सांगणारे. एका रात्रीचे सहा हजार देऊन हा माणूस जन्मात कुठे उतरला नसता. पण पैसे भरलेत आणि दिवस बुडतील म्हटल्यावर तोच जानेवारीतच विचारायला लागला, "यंदा कुठे?" सासूबाई मेंबरशिपला "आपलं ते वर्गणीचं हॉटेल" म्हणायच्या. मुन्नारच्या खोलीत छोटंसं स्वयंपाकघर होतं. तिथे त्यांनी पिशवीतून तांदूळ, मेतकूट आणि तुपाची बाटली काढली, मऊभात लावला आणि खिडकीबाहेरच्या चहाच्या मळ्यांकडे बघत, "बुफेला नाकं मुरडतात असं नको म्हणूस हं," असं मलाच बजावत ताट पुढ्यात घेतलं. दुसऱ्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली. ती सहल 53 मधल्या कुठल्या रात्रीत आणि किती रुपयांना धरायची, ते मला जमत नाही.

म्हणून मी विचारते ते घराबद्दल. तुम्ही दोघं सहा महिने आधी रजा सांगू शकता का? एका जागी सहा-सात दिवस राहायला आवडतं का, की तिसऱ्या दिवशी गाडी काढून पुढे पळता? हप्त्यांवर घेताय का? मग सोडाच, सुट्टीसाठी कर्ज मी कोणालाच सुचवत नाही, माझं रोजचं काम कर्ज द्यायचं असूनही. अर्धवट सोडून विकू म्हणाल, तर जुन्या मेंबरशिपला मूळ किमतीच्या पासंगालाही भाव येत नाही, हस्तांतराची फी वेगळी. आणि "विकून देतो, आधी पंधरा हजार भरा" असे फोन आले तर ठेवून द्या.

सही होऊन गेली असेल तर आजच करार काढा आणि रद्द करायची मुदत कुठे लिहिलीय ते शोधा. बहुतेक करारांत ती 10 दिवसांच्या आसपास असते. युरोपीय संघात 14 दिवस कायद्यानेच मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरचा वेगळा कायदा नाही, कागदावर आहे तेच. फोनवर "कळवतो" म्हणाले म्हणून विसंबू नका, ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. वाद झालाच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. हेल्पलाइन 1915.

भाच्याला त्या दिवशी फोनवर एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता. मी एकच विचारलं, "मे महिन्यात तुम्ही कुठे जाणार आहात?" तो म्हणाला, "अजून काहीच ठरलं नाही गं, आमचं नेहमी आदल्या आठवड्यात ठरतं."

सही न करता दोघं बाहेर पडले. कबूल केलेला डिनर सेट अर्थातच मिळाला नाही. मे महिन्यात ते तारकर्लीला एका घरगुती होमस्टेत राहून आले. जूनमध्ये परत त्याचा फोन: "मावशी, तुझे यंदाचे दिवस शिल्लक आहेत का गं?"

होते. जुलैतला गोवा दिला.