आमची वाटचाल : झेरॉक्सच्या दुकानातून वंशावळीपर्यंत

चिपळुणात कचेरीसमोर आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. 2011 साली एक मुंबईकर वारस नोंदीचे कागद घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबांच्या वरचं काही सांगता येईल का?" मला येत नव्हतं. शेजारच्या बाकावर चहा पीत बसलेल्या नानांना येत होतं. तिथून हा वंशावळी शोधून द्यायचा धंदा सुरू झाला.

नाना रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. मोडी असं वाचायचे, जसं आपण बसची पाटी वाचतो. आधी सगळी रेघ ओढून घ्यायची आणि मग त्याखाली अक्षरं लटकवायची, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, ही मोडीची तऱ्हा. भागीदारीचा कागद आम्ही कधीच केला नाही. नाना म्हणायचे, "मला महिन्याला भिंग पुसायचं कापड दे, बाकी तुझं तू बघ." पैसे मात्र निम्मे घ्यायचे, आणि ते त्यांच्या हक्काचेच होते.

नानांनी मला पहिल्यांदा जुन्या कागदांवरचे शुहूर सनाचे अरबी आकडे शिकवले. "खमस सबैन मया व अलफ" म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून 1175. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1774, आणि मृगाला वर्ष बदलतं म्हणून पुढच्या जानेवारी ते मे या महिन्यांसाठी 600. शकात 78 मिळवायचे. हे पाठ नसेल तर या धंद्यात पडू नका, पणजोबा स्वतःच्याच बापाच्या आधी जन्माला येतात.

हत्यारं म्हणाल तर भिंग, दोन स्क्रीन आणि नानांची वही. सरकारचं 'आपले अभिलेख' संकेतस्थळ आल्यापासून जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, आणि सातबारे घरबसल्या दिसू लागले. लोकांना वाटलं, आता तुमची गरज काय? अहो, स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. मोडी 2014 साली युनिकोडात आली, पण म्हणून कारकुनाचं अक्षर आपोआप वाचलं जात नाही. शिवाय शोध गावावर आणि सर्व्हे नंबरावर चालतो, तुमच्या आडनावावर नाही. जुन्या नोंदीत तर आडनावच नसतं, नुसतं 'अमका बिन तमका', म्हणजे तमक्याचा मुलगा अमका.

परदेशातून काम येईल असं स्वप्नातही नव्हतं. ते आणलं मॉरिशसच्या एका गिऱ्हाइकाने, त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांच्याकडे मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधला, त्यांच्या पणजोबांच्या नोंदीचा एक उतारा होता. गिरमिटिया, म्हणजे करारावरचा मजूर, म्हणून मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येकाला तिथे नंबर मिळे आणि वय, उंची, अंगावरच्या खुणा, बापाचं नाव, गाव, जिल्हा हे सगळं नोंदलं जाई. कारकून इंग्रजी कानाचा, त्यामुळे गाव लिहिलेलं 'डाबोल', जिल्हा रत्नागिरी. पणजोबांचं नाव मी इथे देत नाही, काकांना आवडायचं नाही. पणजोबांच्या बापाचं नाव मात्र आज काकांचं आडनाव आहे. मॉरिशसला हे सर्रास झालंय.

आता डाबोल कुठलं? दापोलीतलं दाभोळ, संगमेश्वरातलं दाभोळे की वेंगुर्ल्यातलं दाभोली? शेवटचं आज सिंधुदुर्गात, पण तो जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधी तेही रत्नागिरीच. इंटरनेटवर आजच्या जिल्ह्याच्या यादीत गाव शोधणारे इथेच फसतात. आम्हाला चौदा महिने लागले. शेवटी गावच्या जुन्या नोंदीत, पणजोबांच्या एका भावाच्या नावापुढच्या शेऱ्यात सापडलं : दुसरा भाऊ, बापाचं नाव तेच, आणि पुढे एकच शब्द, 'परागंदा'. नानांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "गावानं याला पळपुटा लिहिलंय, आणि तो बोटीत बसला होता."

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून बाजारात शिरलं ते दुकानाच्या पाटीपर्यंत. दोन्ही स्क्रीन, तीन हार्ड डिस्क आणि नानांची वही चिखलात गेली. वहीची पानं आम्ही पंख्याखाली वेगळी केली, पण शाईच उरली नव्हती. नाना तेव्हा अंथरुणावर होते. त्यांना सांगितलं की वही वर माळ्यावर होती. तीन महिन्यांनी ते गेले, खोटं तसंच राहिलं.

अशा वेळी आमच्याकडे तीन महिने शिकायला बसून गेलेल्या एका गृहस्थाने पुण्यात ऑफिस थाटलं. नाव घेत नाही. जाहिरात : 'सात दिवसांत चौदा पिढ्या.' आमची गिऱ्हाइकं, फोन नंबरासकट, त्याच्याकडे गेली. आमचा फोन महिनाभर बंद होता, हे त्याला ठाऊक होतं. सोनेरी बॉर्डरची वंशावळ, वर तलवारी, मूळ पुरुष कुठल्यातरी लढाईत. एक ठाणेकर कुटुंब आम्ही काढलेल्या चार पिढ्या घेऊन आलं आणि म्हणालं, "तुम्ही आम्हाला फसवलंत, त्यांनी चौदा दिल्या." पैसे परत केले. मग त्यांचा सोनेरी कागद मी पाहिला. नोंदीत होतं 'अमकी कोम तमका', म्हणजे तमक्याची बायको. बिन आणि वलद म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. या शहाण्याने कोमची मुलगी केली आणि त्या धाग्यावरून एका खोताच्या घराण्यात कुटुंब चिकटवून दिलं. बायकोची सासरची मंडळी तिचं माहेर झाली. मी दाखवून दिलं, पण त्यांनी ऐकलं नाही. तो कागद आजही त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम केलेला आहे. माझ्या चार पिढ्या कुठल्याशा खणात पडल्या असतील. याचा राग गेलेला नाही, जाणारही नाही.

दुकान बंदच करणार होतो. तेवढ्यात काकांचा मेल आला. दहा वर्षांत आम्ही त्यांना आणि त्यांच्या ओळखीच्या सतरा कुटुंबांना पाठवलेलं सगळं त्यांनी साठवून ठेवलं होतं. नानांच्या वहीतल्या पानांचे फोटोही होते, शंका सोडवायला मीच पाठवलेले. सगळं परत पाठवलं आणि खाली मराठीत लिहिलं, 'तुमी काम चालू ठेवा.' त्यावर आम्ही पुन्हा उभे राहिलो.

2023 नंतर कुणबी नोंदींसाठी घाटावरून फोन सुरू झाले. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, आणि शाळेचं जनरल रजिस्टर आधी पाहा. तिथे सापडलं तर आमच्याकडे येऊच नका. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा, आत्याला आधी. फेरफारात मुलींची नावं धड नसतात, असली तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात'.

काका गेल्या गणपतीला गावी आले होते. मी घेऊन गेलो. भावकीने पाट मांडला, पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हिस्सा मागायला आलाय का?" काका हसले. माझ्याकडून कोरा कागद मागितला, हिस्सा नको असं लिहून सही केली. मग त्यांनी घरच्या गणपतीची आरती म्हटली. पाठ होती, चाल जरा वेगळी.

परतताना गाडीत म्हणाले, पणजीचं माहेर शोधून द्या. तिच्या नावापुढे नुसतं 'कोम' आहे. फाईल उघडली आहे, पैसे अजून ठरवलेले नाहीत.